हात न लावायचे तीस टक्के

नाही, पण मला एक सांगा, इस्त्री कधी लावायची हे बाईने काय ढगाला विचारून ठरवायचं? हसू नका, आमच्या घरात तसंच आहे! सकाळी इस्त्री हातात घेतली रे घेतली की आतून आवाज येतो, "थांब! ढग येतायत, अकरानंतर लाव." अकराला लावावी तर, "आत्ता नको, मघाशी मिक्सर झाला ना, जरा दम खाऊ दे." कुणाला दम खाऊ दे? मला? छे हो, बॅटरीला! तुम्हाला सांगते, मी शाळेचे गणवेश शिवते, शाळा उघडायच्या तोंडावर माझ्याकडे दीडशे-दीडशे सदरे पडलेले असतात, त्यांच्या कॉलरी काय हाताने चोळून सरळ करू? पण मी बोलले का काही? नाही बोलले. माझा स्वभावच नाही तो.

आता आमचे हे कोण, ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई उगाच नवऱ्याला नावं ठेवते. चौतीस वर्षं वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये होते हे. अर्ध्या शहराची वीज यांच्या हाताखाली! इकडे लोड वाढला, तिकडे कमी करा, हा फीडर बंद, तो चालू... आणि फोन वाजला की एकच वाक्य, तेही त्या विशिष्ट आवाजात, "काम चालू आहे, थोड्याच वेळात येईल." चौतीस वर्षं! झोपेतसुद्धा म्हणायचे. मग झाले निवृत्त, भाषणं झाली, घड्याळ मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतात तर हाताखाली उरलं कोण? मी! आणि एक फ्रिज!

तरी ते चाललं असतं हो. पण गेल्या वर्षी मला न्यूमोनिया झाला, चांगलाच झाला, दवाखान्यातून घरी आले ती ऑक्सिजनचं मशीन घेऊनच. तीन महिने नाकात नळी. त्यातून उठले, मशीनला मीच फुलाफुलांचं कव्हर शिवून कपाटामागे ढकललं, म्हटलं सुटलो... तर महिन्याभरात हे गच्चीवर सोलर घेऊन आले, आणि सोलरच्या पाठोपाठ बॅटरीवाला घरात!

तो बॅटरीवाला म्हणजे... गळ्यात टाय, हातात टॅब, आणि बोलणं असं की जणू मुलगी बघायला आलाय. "काकू, ही बघा ही शिशाची, ॲसिडवाली. स्वस्त, पण हिला दर महिन्याला पाणी पाजावं लागतं. ही लिथियमची, हिला काही म्हणजे काही लागत नाही, भिंतीवर टांगा आणि विसरून जा. आणि ही नवीन आलीये, सोडियमची, म्हणजे आपलं मीठ हो!" मी म्हटलं, मीठ तर माझ्या डब्यात किलोभर आहे, मग मधे तुम्ही कशाला? तो हसला नाही. हेही हसले नाहीत. यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "एक मशीन. साडेतीनशे वॅटचं. न थांबता किती तास चालेल?" बॅटरीवाला म्हणाला, "काका, टीव्ही, पंखे, फ्रिज सगळं..." हे म्हणाले, "टीव्ही मी विचारला का? एक मशीन. किती तास?"

मला वाटलं, माझ्या शिलाई मशीनबद्दल विचारतायत. म्हटलं, बरं बाई, चाळीस वर्षांनी का होईना, आपल्या कामाची किंमत कळली! मनातल्या मनात. बोलले नाही काही.

आली ती लिथियमची. पांढरी, कपाटाएवढी, जिन्याजवळच्या भिंतीवर. आणि त्या दिवसापासून हुकूम सुटला, "तीस टक्क्यांना हात लावायचा नाही!" म्हणजे काय, तर लाईट गेली आणि बॅटरी शंभरावरून वापरत वापरत तिसावर आली की घर बंद! दिवे एकच, पंखा एकच, आणि माझं मशीन, ज्याच्यासाठी बॅटरी आणली असं मी समजत होते, ते पहिलं बंद! मी म्हणायचे, अहो पण आहे ना अजून तीस? "ते राखीव." कुणासाठी राखीव? "राखीव म्हणजे राखीव."

वर ती वीज कंपनीची योजना. दुपारी काय, सगळ्यांच्याच गच्चीवर ऊन, वीज नुसती उतू जाते, कुणी विचारत नाही. संध्याकाळी सातला ऊन गेलेलं, आणि घराघरांत एकदम दिवे, गिझर, टीव्ही, तेव्हा विजेला हा भाव चढतो! म्हणून कंपनी म्हणते, दुपारची साठवून ठेवा, संध्याकाळी आम्हाला द्या, आम्ही घेतो. झालं! आमच्या जिन्यावर बाजार भरला! रोज साडेसहाला हे खुर्ची टाकून बॅटरीसमोर. आणि एकदा त्या योजनेतल्या मुलीचा फोन, आवाज असा साखरेत घोळवलेला, "सर, तुमच्याकडे तीस टक्के अडकून पडलेत, दहा ठेवा ना सर, बाकीचे आपण बाजारात आणू, तुमचाच फायदा." यांनी सांगितलं, "नाही." "सर, पण का?" "नाही." "सर, एखादं कारण लिहावं लागतं इथे..." हे म्हणाले, "लिहा, म्हातारा हट्टी आहे." आणि ठेवला फोन! मी ऐकत होते, हातात सुई... बोलले नाही. पण मनात म्हटलं, त्या पोरीने अगदी बरोब्बर लिहून घेतलं असेल.

तर हे असं चाललं होतं, आणि मग ते वादळ आलं. संध्याकाळी आलं, तासभर थैमान घातलं, चार रस्त्यांवर झाडं आडवी, आणि लाईट गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी उठते तर आभाळ कसं, फळा पुसायच्या ओल्या फडक्यासारखं. पॅनेलवर पाऊस, वीज यायची ती नावाला. यांची तर कंट्रोल रूमच सुरू झाली परत! "फ्रिज बंद. मोबाईल एकेक करून. पंखा नाही." घरात माणसं दोन, पण हुकूम बाराजणांना पुरतील असे. अकराच्या सुमाराला बॅटरी एकतीसवर.

आणि दार वाजलं.

समोरच्या दारात आमचे टपालमास्तर राहतात. म्हणजे निवृत्त, ऐंशीच्या पुढचे. आयुष्यभर लोकांच्या पत्रांवर शिक्के मारले, आता फुप्फुसं थकलीयत, दिवसरात्र ऑक्सिजनच्या मशीनवर असतात. त्यांची मुलगी नर्स आहे. ती दारात उभी, चेहरा पांढरा. "काकू, आमच्या इन्व्हर्टरने मान टाकली. बॅटरीत पाणी घालायचं राहिलं माझ्याकडून... सिलिंडर आहे तो अर्ध्या तासाचा. मी दुसरा आणायला निघालेय, पण रस्ते बंद आहेत, चालत जावं लागेल, किती वेळ लागेल माहीत नाही. बाबांचं मशीन तुमच्यावर..."

मी म्हटलं, अगं विचारतेस काय, आण वायर! आणि वळून बघते तर हे बॅटरीसमोर उभे. हलेनात. हात बॅटरीच्या बटणावर, आणि हलेनात! मी म्हटलं, अहो! काही नाही. मुलगी दारात, मास्तर तिकडे धापा टाकतायत, त्या आवाजाची मला ओळख आहे हो, तो आवाज मी आतून ऐकलाय, आणि हा माणूस नुसता उभा!

तेव्हा मात्र मी बोलले. जन्मात बोलले नसेन इतकं बोलले. म्हटलं, कशासाठी जपून ठेवलीये? बाजारात न्यायचीये? जाताना बरोबर न्यायचीये? तीस टक्के, तीस टक्के! माणूस समोर गुदमरतोय आणि तुम्ही काय टक्के मोजताय?

तर हे हळूच म्हणाले, "ते तुझे आहेत."

माझे? काय माझे?

"तीस टक्के. तुझ्या मशीनचे. आठ तास चालतं."

मी म्हटलं, माझं मशीन म्हणजे... आणि मग मला दिसलं, हे बघत होते कपाटामागे, त्या फुलाफुलांच्या कव्हराकडे.

"गेल्या वर्षी लाईट गेली होती," हे म्हणाले, "तुला आठवणार नाही, तू ग्लानीत होतीस. दोन तास चाळीस मिनिटं. सिलिंडर संपत आला. तुझे ओठ निळे पडायला लागले. मी ऑफिसला फोन लावला. माझ्याच खुर्चीवर, माझ्याच जागी कुणी नवा मुलगा होता. तो म्हणाला..." आणि थांबले. ओठ नुसते हलले. मला कळलं काय म्हणाला असेल तो. दुसरं काय म्हणणार? यांनीच तर शिकवलेलं वाक्य!

"चौतीस वर्षं मी तेच सांगितलं गं लोकांना," हे म्हणाले. "पलीकडे कोण असेल, कधी विचारलं नाही."

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाशी भांडायचं कसं? वर्षभर मी यांना हट्टी म्हणतेय, चिक्कू म्हणतेय, आणि हा बाबा जिन्यात खुर्ची टाकून माझा श्वास राखत बसलेला! सांगायचं तरी! तोंडात काय शिसं ओतलंय? पण रडायला वेळ कुठे होता? मी म्हटलं, अहो, बघा माझ्याकडे. मी धडधाकट आहे. सकाळपासून अकरा सदऱ्यांची बटणं लावलीयत.

"आणि तुला काही झालं तर?"

काही झालं तर तेव्हा बघू. तिकडे झालंय!

तरी हलेनात. मग मीच खणातून तो बोटाचा चिमटा काढला, ऑक्सिमीटर हो, लावला बोटाला आणि धरला यांच्या नाकासमोर. सत्त्याण्णव! हे म्हणाले, "परत." परत लावला. सत्त्याण्णव! "दुसऱ्या बोटाला." घ्या दुसरं बोट! सत्त्याण्णव! मी म्हटलं, माझे सत्त्याण्णव आहेत, बॅटरीचे एकतीस आहेत, मास्तरांचे किती आहेत ते तिकडे जाऊन बघा, आणि सोडा आता!

आणि मग जे सुटले ना हे... पासष्ट वर्षांचा माणूस, पण तीन एक्स्टेंशनच्या वायरी जोडून, जिना ओलांडून, दाराच्या फटीतून, दहा मिनिटांत मास्तरांच्या पलंगापर्यंत! मशीनने गुर्रर्र केलं, मास्तरांची छाती हळूहळू शांत झाली, मुलीने माझे दोन्ही हात धरले आणि पळाली सिलिंडर आणायला. इकडे मोबाईलमधलं बॅटरीचं ॲप विचारतंय, राखीव मर्यादा काढायची का? नक्की? हे मला म्हणतात, "दोनदा विचारतंय." मी म्हटलं, तिसऱ्यांदा विचारायच्या आत दाबा.

पुढचा सगळा दिवस आम्ही जिन्यात. मी मास्तरांच्या उशाशी, हे बॅटरीपाशी, दोन्ही दारं सताड उघडी, आणि दर पाच मिनिटांनी तिकडून आवाज, "तीस!" मी इकडून, "मास्तर ठीक!" एकोणतीस आले तेव्हा यांनी डोळे मिटले, मी बघितलं. मग "बावीस!" "ठीक!" "सतरा!" "ठीक! चहा मागतायत!" "चहा नाही, बारावर येतोय!" गॅसवर करायच्या चहाला बॅटरी कशाला लागते हे मी विचारलं नाही. आणि मास्तर, नाकावरची नळी जरा सरकवून, हळूच मला म्हणतात, "तुमच्या बॅटरीची हवा जरा गोड लागते हो... सरकारी विजेची अशी लागत नाही." मी म्हटलं, बोलू नका, पडून राहा, तिकडे ऐकलं तर अजून चढतील.

पाचला मुलगी आली. दोन माणसं, एक हातगाडी, त्यावर सिलिंडर, आणि ही चिखलात गुडघ्यापर्यंत. आणि पावणेसहाला दिवे आले. बॅटरीवर तेव्हा किती होते सांगू? सात. हे तिथेच पायरीवर बसले, डोकं भिंतीला टेकवलं, आणि खिशातून मोबाईल काढून कुणाला तरी लावला. मला वाटलं, डॉक्टरला. तर नाही, आपल्या जुन्या ऑफिसला! कंट्रोल रूममधल्या त्या मुलाला म्हणाले, "लाईट आली. खांबावर चढलेल्यांना सांग, इथे एक माणूस वाचलाय." बस्स. फोन ठेवला.

मास्तर आता बरे आहेत. तिकडच्या इन्व्हर्टरला पाणी घालायचं काम यांनी स्वतःकडे घेतलंय, पहिल्या तारखेला जातात, आणि मास्तरांशी तासभर भांडून येतात. आमची राखीव मर्यादा आता तीस नाही, साठ आहे! माझे तीस, मास्तरांचे तीस. त्या साखरेच्या आवाजाच्या मुलीने फोन करणंच सोडलंय. आणि माझी इस्त्री? ती आता शेजारच्या गल्लीत जाऊन करून आणते. बोलत नाही मी काही.

पण एक गोष्ट मात्र राहवत नाही म्हणून सांगते. चाळीस वर्षांचा संसार, या माणसाने मला कधी "कशी आहेस?" म्हणून विचारलं नाही हो. एकदा नाही! आता रोज सकाळी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी, माझ्याजवळ येऊन बसतात, हात हातात घेतात, आणि विचारतात, "कशी आहेस?" मी आपली खुलून सांगायला लागते, अहो आज जरा पाठ धरलीये, स्वप्नात माझी आई आली होती... आणि बघते तर काय, यांचं लक्ष आहे कुठे?

माझ्या बोटावरच्या चिमट्यावर! उत्तर ऐकत नाहीत हो... वाचतात!