बैलाची घंटा आणि दूबीचे पंजे

(इस्राएलमधलं लोद, १९७७. तिसऱ्या मजल्यावरचं घर, गुरुवारची दुपार. एफ्राइमच्या हातात ओलं फडकं.)

येमिमा : आणि तेही आजच धुतलेल्या चटईवर! बस झालं. रविवारी मोशाववाला येतोय, तो शेतवाडीवरचा, मी त्याला शब्द दिलाय. कोंबड्या राखायला घेऊन जाऊ दे दूबीला.

एफ्राइम : असं काय करतेस? उद्या अमनोन लष्करातून रजेवर येतोय. जाताना पोरगा एकच सांगून गेला, 'अब्बा, दूबीला सांभाळा.' काय तोंड दाखवू त्याला?

येमिमा : महिनाभर शिकवताय ना कुत्र्याला?

एफ्राइम : शिकवतोय तर! दाराला घंटा टांगली. साधीसुधी नाही, रेवदंड्याच्या आपल्या तेलघाण्याच्या बैलाची. बाहेर जायचं असलं की त्याने ती नाकाने वाजवायची, मग त्याला खोबऱ्याच्या वडीचा तुकडा.

येमिमा : आणि वाजवतं कोण?

एफ्राइम : मी. चार पायांवर, नाकाने. त्याला दाखवायला नको? काल शेजारची गेउला दार ढकलून आत आली, तशीच मागे फिरली.

येमिमा : मला जिन्यात विचारत होती, तुमची तब्येत बरी आहे ना म्हणून.

एफ्राइम : मुंबईला गोदीत फिटर होतो गं मी! बंद पडलेल्या क्रेन चालवून दाखवल्या. आजोबांनी बैल शिकवले. आणि माझ्याच्याने एक कुत्रं शिकेना. वड्या तेवढ्या संपल्या. निम्म्या मीच खाल्ल्या.

येमिमा : निम्म्या? बरं, मघाशी ओरडत कशाला होतात?

एफ्राइम : हॉलच्या दाराच्या चौकटीला लागून मागच्या दोन पायांवर उभा! थेट मेझुझाखाली पंजे! देवाची वचनं आहेत गं त्या डबीत. 'लो! लो!', नाही नाही, करत खाली ओढला. पाच मिनिटांत चटई भिजवली.

येमिमा : आणि परवा?

एफ्राइम : परवाही आधी पंजे, मग चटई.

येमिमा : सोमवारी?

एफ्राइम : सोमवारी... सोमवारीसुद्धा.

येमिमा : बाहेर निघताना तुम्ही काय करता हो?

एफ्राइम : काय करणार? मेझुझाला हात लावतो, बोटं ओठांना टेकवतो, मग पट्टा घेतो, मग... थांब. अगं थांब जरा.

येमिमा : थांबलेय.

एफ्राइम : म्हणजे तो केव्हाच शिकला! तो सांगतोय 'चला', आणि हा शहाणा त्याला घंटा दाखवतोय. वर देवाधर्मावर लेक्चर! मोशाववाल्याला सांग, मलाच ने.

येमिमा : कोंबड्यासुद्धा ऐकायच्या नाहीत तुमचं.

एफ्राइम : हल्ली माझा हात मेझुझावर जरा जास्तच वेळ राहतो. म्हणून त्याने नीट पाहिलं असणार.

येमिमा : ठाऊक आहे. अमनोन सीमेवर गेला तेव्हापासून. स्वयंपाकघरातून दिसतं मला.

एफ्राइम : भीती वाटते गं. उद्या तो दारात दिसेपर्यंत वाटणार.

येमिमा : मलाही वाटते. मोशाववाल्याला नको म्हणून कळवते मी. ते बघा, पुन्हा उभा राहिला.

एफ्राइम : आलो रे बाबा, आलो! पट्टा कुठे गेला?

येमिमा : पट्टा मी शोधते. तुम्ही आधी तिथे हात लावा. तो वाट बघतोय.