सासूबाईंची भिंत

आमच्या भरे गावातल्या घराच्या पडवीची गोष्ट तुम्हाला सांगायची राहिलीच. सासूबाई चित्रं काढायला कुठे शिकल्या नाहीत, पण घरात काही घडलं की गेरूने चौकट आखून ते भिंतीवर काढतात, अगदी कॉमिक्ससारखं, एकापुढे एक. लग्न झाल्यापासून त्या चौकटींत मीच आहे.

परवा आई पहिल्यांदा आली. लहानपणी ती मला कॉमिक्स वाचून दाखवायची, त्यामुळे सवयीने डावीकडून बघत निघाली. आधी हसणारी मी, मग भांड्यांच्या ढिगामागे मी आणि शेवटी, उजवीकडच्या दाराजवळ, ढसाढसा रडणारी मी.

आईने माझा हातच धरला. "बॅग भर. आत्ताच्या आत्ता घरी चल."

भांडी घासून दमलेली मी तिला समजावायला गेले, पण ती ऐकेना.

सासूबाई घाबरल्या. "अवो विहीणबाई, दाराकडनं बघत या की! सून दारातनंच आत येती न्हवं? आली तवा रडत हुती, आता हसतीया."

आई दाराकडून पुन्हा बघत आली. माझा हात सोडला, पण मधल्या चौकटीपाशी थांबली.

"आणि ही भांडी?"

"ती कुटनं बी बघा," सासूबाई म्हणाल्या, "तेवढीच हायेत."