वासराचा वाटा

जनावरांच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर दोघे भाऊ बसले होते. त्यांच्या पायाशी पोत्यावर एक वासरू मान टाकून पडलं होतं.

"दादा, कंपाउंडर म्हणतो, याच्या पोटात दूधच गेलेलं नाही."

"गाईलाच दूध कमी, तर जाणार कुठून?"

"पण सकाळच्या धारेला तू याच्यासाठी एखादं सड ठेवत असशील ना?"

"मी कशाला ठेवू? ते संध्याकाळी तू ठेवायचंस."

"वाटणीत असं कुठे ठरलं होतं?"

"मग मी ठेवायचं असं तरी कुठे ठरलं होतं? तू पाजत नाहीस याला?"

"पान्हा फुटेपर्यंत तोंड लावू देतो. मग ओढून बांधतो. वाटायचं, सकाळी भरपूर प्यायलंय."

"अरे, मीही तेच करतो. वाटायचं, रात्री तुझ्याकडे पिऊन झोपलंय."

"म्हणजे चारही सडं तू पिळतोस?"

"तू काय तीनच पिळतोस?"

"तरी म्हटलं, मला बघून सारखं हंबरतं कशाला."

"मुकं जनावर ते. आपण उपाशी आहोत हे सांगणार कसं?"

"आपला नंबर यायला वेळ आहे अजून."

"मग तोवर घरी फोन लाव. आई जेवली का विचार."

"मी का विचारू? महिना पालटला. आई आता तुमच्याकडे."

"आमच्याकडे कुठे आलीय? काल विचारलं तर म्हणाली, धाकट्याकडे पोटभर जेवले."

"आम्हाला म्हणाली, थोरल्याकडे जेवले."