लॉयलच्या वजनावर लावलेली गाडी

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि मिल क्रीकच्या आपल्या ड्रॅग शर्यतींच्या पट्टीचे मालक माननीय श्री. कॉनरॅड पफाइफर, व्यासपीठावर विराजमान असलेल्या आणि मघापासून घड्याळाकडे बघणाऱ्या सत्कारमूर्ती श्रीमती व्हर्ना क्लिंगमन, त्यांचे दीर श्री. ऑर्व्हिल क्लिंगमन, ऑर्व्हिलची कन्या आणि उद्यापासूनची चालक कुमारी मार्लिस, समोर बसलेले क्लबचे सभासद, त्यांच्या सहनशील सौभाग्यवती, आणि केवळ पर्सिमन फळाच्या पुडिंगसाठी आलेल्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. गेली कित्येक वर्षं मी मनोऱ्यात बसून माइकवर शर्यतींचं वर्णन करतो. पाव मैलाची शर्यत, दोन गाड्या, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपते. तिथे मी कधीच वेळेत बोलून संपवलेलं नाही, हे अध्यक्षांना ठाऊक आहे. तरीही त्यांनी मलाच उभं केलं. तेव्हा जे होईल त्याला ते जबाबदार.

आज आपण व्हर्नाबाईंना शर्यतीतून निरोप देतो आहोत. बाई कुठे जाणार नाहीत. उद्यापासून कुंपणाशी खुर्ची टाकून बसतील आणि प्रत्येकाच्या गाडीत काय चुकतंय ते सांगतील. फक्त त्यांची हिरवी पिकअप, सहासष्ट सालची, जिला आपण सगळे क्लोव्हर म्हणतो, ती यापुढे मार्लिस चालवील. त्या गाडीबद्दल मला बोलायचं आहे. खरं सांगायचं तर गाडीच्या पोटाखालच्या दोन दांड्यांबद्दल.

पुडिंगवाल्या मंडळींसाठी थोडं सोपं करून सांगतो. बाकीच्यांनी तोवर कॉफी घ्यावी. पिकअप म्हणजे काय? पुढे सगळं इंजिन आणि मागे रिकामा हौदा. अशी गाडी जोरात सोडली की मागची आस गरकन फिरू पाहते, तिच्यावरचे स्प्रिंगचे पाटे पिळवटतात, आणि पीळ सुटला की चाकं रस्त्यावर टणाटण उड्या मारतात. मग ताकद कितीही असो, गाडी जागच्या जागी नाचते. म्हणून आसेपासून पुढे, पाट्यांच्या खालून, दोन जाड लोखंडी दांडे न्यायचे. टोकाला रबराचा ठोकळा. पाटा पिळवटायला लागला की ठोकळा त्याला खालून अडवतो आणि चाक जमिनीला चिकटून राहतं. यांना म्हणायचं ट्रॅक्शन बार. ठोकळा पाट्याच्या किती जवळ ठेवायचा, हे प्रत्येक दांड्याच्या एका नटावर असतं. आणि इंजिनाचा हिसका उजवं चाक उचलू पाहतो, म्हणून उजवा दांडा डाव्यापेक्षा अधिक घट्ट लावायचा. किती अधिक? त्यावर या गावात लग्नं मोडता मोडता राहिली आहेत.

व्हर्नाबाईंचे यजमान लॉयल यांनी ते दांडे स्वतः कापले, स्वतः जोडले, आणि दोन उन्हाळे गाडीखाली पाठ टेकून तो नट इकडून तिकडे केला. शेवटी क्लोव्हर अशी सरळ पळायला लागली की कुणी दोरी धरून आखावी. त्या दिवशी लॉयलनं पिवळ्या रंगाचा डबा आणला आणि नटावरून बोल्टवर एक रेघ ओढली. नट जरा जरी हलला तरी रेघ तुटलेली दिसावी म्हणून. ही आपली सगळ्यांचीच पद्धत आहे. पण लॉयलची रेघ हळूहळू प्रसिद्ध झाली. बाहेरगावचे लोक वाकून गाडीखाली बघायचे. ऑर्व्हिल तर पाहुण्यांना टॉर्च धरून दाखवायचा, जणू चर्चमधली रंगीत खिडकी दाखवतोय.

हसू नकोस, ऑर्व्हिल. तू दाखवायचास.

मग एका फेब्रुवारीत लॉयल दुपारच्या जेवणानंतर आरामखुर्चीत टेकला तो उठलाच नाही. आपल्यापैकी बहुतेक जण त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला होते. जड होता. मोठ्या देहाचा आणि मोठ्या मनाचा माणूस होता, आणि अजून एप्रिल आला की मी मनोऱ्यावरून त्याची टोपी शोधतो.

वसंतात पट्टी उघडली आणि व्हर्नाबाईंनी जाहीर केलं की क्लोव्हर मी चालवणार. तोवर त्या लॉयलच्या गाडीला मागे उभं राहून हातांनी इशारे करायच्या, चाकं पुसायच्या, सँडविच करायच्या. आम्हाला वाटलं, आठवण म्हणून एकदा चालवतील, आपण टोप्या काढू, डोळे पुसू, झालं. त्या आल्या, हिरवा दिवा लागला, आणि क्लोव्हर डावीकडे गेली. मधली रेषा ओलांडून शेजारच्याच्या वाटेत. बाद. पुढच्या शनिवारी पुन्हा डावीकडे. त्याच्या पुढच्या शनिवारी त्यांना डावी बाजू मिळाली होती, तर गाडी थेट भिंतीकडे निघाली आणि बाईंनी ती कशीबशी आवरली. मी माइकवर काहीतरी विनोद केला. कुणी हसलं नाही.

अध्यक्ष महोदयांना तेव्हा बोलावंच लागलं. त्यांनी टोपी हातात घेऊन सांगितलं की व्हर्ना, पुढच्या शर्यतीत गाडी पुन्हा वाकडी गेली तर मला तुला थांबवावं लागेल, मला तुझ्या अंत्ययात्रेला यायचं नाही. ऑर्व्हिलचं म्हणणं होतं की गाडीतच काही बिघडलं असेल, आपण तपासू. तो स्वतः बसला, गाडी सोडली, आणि क्लोव्हर दोरीवरून गेल्यासारखी सरळ. आता पुरावाच मिळाला. गाडी उत्तम आहे, चालवणारी नाही. मग असं ठरत आलं की गाडी याच हॉलमध्ये आणून ठेवावी. तिथे, ते थंड पेयांचं यंत्र आहे ना, तिथे. भोवती दोरी, वर लॉयलचा फोटो. ऑर्व्हिलनं दोरी आणलीसुद्धा होती. वाईट हेतू नव्हता त्याचा. भावाचं काहीतरी जसंच्या तसं राहावं, एवढंच त्याला हवं होतं.

आणि व्हर्नाबाईंना काय हवं होतं? त्यांनी मला नंतर सांगितलं. घरात लॉयलची खुर्ची रिकामी, गॅरेजही रिकामं होणार, आणि शनिवारी जायचं कुठे? बेचाळीस वर्षं त्या माणसाबरोबर त्या गाडीमागे उभ्या राहिल्या. पहिल्यांदा आत बसल्या तेव्हा भीती वाटत होती, आणि तरी त्या फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच त्यांना भूक लागली होती. गाडी त्या यंत्राच्या जागी गेली असती तर या बाई आज आपल्यात अशा बसलेल्या नसत्या. हे मी भाषणासाठी म्हणत नाही.

आता तुम्हाला माहीत आहे, व्हर्नाबाई आयुष्यभर पशुखाद्याच्या दुकानात होत्या. माणसाकडे बघून वजन सांगतात. पाद्रीबुवांना त्यांनी एकदा भर चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलं होतं. तर त्या विचार करत बसल्या की माझ्यात आणि ऑर्व्हिलमध्ये फरक काय. मिशा सोडून. ऑर्व्हिल अगदी भावाच्या अंगाचा, आणि या, बघताच आहात, वाऱ्यानं उडतील अशा. पुढच्या बुधवारी सरावाच्या वेळी त्या कोंबड्यांच्या खाद्याची पोती घेऊन आल्या, सीटमागे चालकाच्या बाजूला कोंबली, पट्ट्यांनी आवळली आणि गाडी सोडली.

सरळ गेली.

मंडळी, लॉयलनं तो नट लावला होता तो स्वतः गाडीत बसून. डावीकडे त्याचं भलंमोठं वजन, म्हणून उजवा दांडा तेवढा घट्ट. तो भार डावीकडून गेला आणि उजवं चाक मोकाट जोर करायला लागलं. इतकं साधं. एवढे सगळे जाणकार उभे होतो आम्ही, पण त्या पिवळ्या रेघेकडे संशयानं बघायची कुणाची छाती झाली नाही.

आता तर सगळेच खूश. ऑर्व्हिलनं टाळी वाजवली. म्हणाला, सीटखाली शिशाचे ठोकळे बोल्टनं बसवू, लॉयलच्या वजनाचे. वहिनी गाडी चालवतील आणि रेघही शाबूत राहील. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असणार, अशा वेळी मी डोलावतोच.  व्हर्नाबाईंनी मात्र हौद्यातून गोणपाट काढलं, गाडीखाली अंथरलं, पाना घेतला आणि आडव्या झाल्या. ऑर्व्हिलच्या लक्षात आलं तसा तो गुडघ्यांवर बसला.

"वहिनी, ती रेघ लॉयलनं काढलीय."

गाडीखालून आवाज आला, "तो परत येऊन बसणार असेल तर राहू दे. विचारून सांग."

ऑर्व्हिलनं खाली वाकून आत बघितलं. 

"ऑर्व्हिल, मला तो रोज आठवतो," बाई म्हणाल्या. "पण त्याचं वजन सीटखाली बांधून मी फिरणार नाही. पीठ मळतानासुद्धा मग त्याच्याच हातांनी मळावं लागेल मला."

आणि नट करकरला. तो आवाज मी मनोऱ्यातून खाली आलो होतो म्हणून ऐकला, आणि अजून ऐकू येतो. रंगाचा टवका गोणपाटावर पडला.

आता कथा असती तर इथे गाडी बाणासारखी सुटली असती. तसं झालं नाही. पहिल्या खेपेला क्लोव्हर उजवीकडे गेली. ऑर्व्हिलच्या चेहऱ्यावर, मला माफ कर, थोडं समाधान दिसलं. बाई पुन्हा गाडीखाली. नट थोडा मागे. यावेळी चाकं दणादणा उडाली, कारण डाव्या दांड्याला हात लावायला त्या विसरल्या होत्या. पुन्हा गोणपाट. तिसऱ्या का चौथ्या खेपेला ऑर्व्हिल खाली वाकला आणि टॉर्च धरला. पाहुण्यांना दाखवायला धरायचा तोच. दोघं मिळून काहीतरी पुटपुटत होते. मग बाई आत बसल्या, दिवा हिरवा झाला, मागची दोन्ही चाकं एकदम बसली आणि गाडी आपल्या वाटेनं निघून गेली, शेवटपर्यंत.

त्या शनिवारी शर्यतीत त्या दुसऱ्या फेरीत हरल्या. पण सरळ हरल्या. परत येताना खिडकीतून हात हलवत होत्या, आणि सगळं कुंपण उभं राहिलं होतं. पुढे त्या किती जिंकल्या ते तिकडे कपाटातल्या चषकांवर आहे, मी मोजत बसत नाही.

त्या रविवारी व्हर्नाबाईंनी नवा नट बसवला, त्यावर आपली रेघ ओढली, नखांना लावायच्या लाल रंगानं. लॉयलचा जुना नट त्यांनी ऑर्व्हिलला दिला. त्यावर अजून अर्धी पिवळी रेघ आहे. ऑर्व्हिल, तुझ्या किल्ल्या काढ बरं. बघा. तेव्हापासून तिथेच आहे.

आता मी मूळ कामाकडे येतो, कारण अध्यक्ष महोदय उठून उभे राहिले आहेत. कार्यक्रमपत्रिकेत "किल्ली प्रदान" असं छापलं आहे. किल्ली गाडीतच आहे, ती कधी काढलीच जात नाही. बाईंनी मला दुपारी मागच्या अंगणात बोलावलं. मार्लिस, तुला हे माहीत नाही, म्हणून नीट ऐक. तुझ्या काकूंनी आज दोन्ही नट सैल केले आहेत. लाल रेघ घासून पुसून टाकली आहे. ठोकळे खाली लोंबताहेत. उद्या सकाळी तू आत्मविश्वासानं गाडी सोडलीस तर ती बेडकासारखी उड्या मारत पट्टीवरून जाईल, आणि मी माइकवर असेन.

मी बाईंना म्हटलं, निदान खूण तरी ठेवायची होती पोरीला, सुरुवात करायला. त्या म्हणाल्या, "खूण ठेवली की ती हलवायला तिला दहा वर्षं लागतील. मला तेवढे दिवस कुंपणाशी वाट बघत बसायचं नाही."

तर मार्लिस, इकडे ये. हा पाना. गाडीखालचा तोच. सोबत रंग नाही. रंग तुझा तू आण.

समारंभ घडवून आणणाऱ्या क्लबचे, हॉल उघडून देणाऱ्यांचे, नूडल्स आणि कुस्करलेले बटाटे करणाऱ्या भगिनींचे, आणि मला बसवण्याचा दोनदा प्रयत्न करणाऱ्या अध्यक्षांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं वजन, मिशी किंवा मन दुखावलं असेल तर मोठ्या मनानं क्षमा करावी. पुडिंग आता येईल.

आणि मार्लिस, उद्या गोणपाट आणू नकोस. तुझ्या वडिलांनी मघाशीच ते गाडीच्या खाली अंथरून ठेवलं आहे. टॉर्चसुद्धा ठेवला आहे. पण पान्याला मी हात लावणार नाही, असं त्यांनी मला स्वतःहून सांगितलं.