घरजावयाचे आठ शेर

पुन्हा एकदा बघा, अर्जुनराव. काटा चुकत नाही हे मान्य — पार्सल ऑफिसचा काटा आहे, करंड्यांपासून सायकलींपर्यंत सगळ्यांना त्यानं न्याय दिलाय — तरी बघा. चपला काढतो. टोपी धरा. — दोन मण वीस? म्हणजे निघालो होतो त्याच्याही दोन शेर पुढे. लिहा चिठ्ठीवर. आठवा शनिवार, दोन मण वीस शेर. परवा सोमवारी कारखान्याच्या डॉक्टरपुढे उभं राहायचं, आणि त्याला पाहिजेत दोन मण दहा.

तुमची चूक नाही. मी पंधरा दिवसांत आठ शेर उतरवायला निघालो होतो, तुम्हीच म्हणालात, आठवड्याला शेरभर, जास्त हाव नको. उतरलंही — पहिल्या शनिवारी शेर, दुसऱ्या शनिवारी पाऊण. रात्रीची भाकरी सोडली होती, स्टेशनावर चालत येत होतो. मग लागला अधिक महिना. बाकीचे जावई एक दिवस येतात, तेहेतीस अनारशांचं वाण घेतात, धोतरजोडी काखेत मारून गावी जातात. घरजावई कुठे जाणार? तो रोज हजर, म्हणून रोज जावई. आमचे सासरे आबाजी ताटासमोर मांडी घालून बसतात — ‘जावईबापू, लाजू नगा, घर तुमचंच हाय.’ बारा वर्षं घर माझंच आहे. त्यात माझी म्हणून एक खुंटी आहे, तिच्यावर त्यांची छत्री असते.

हसू नका. ही स्टोअरकीपरची जागा मिळाली की दोन खोल्या मिळतात. आत नळ. दाराला आतून कडी. डॉक्टर म्हणाला, या पोटानं शिडीवर कसे चढणार, आठ आठवडे देतो. मुदत दिली, अर्जुनराव. आबाजींनी कधी मुदत दिली नाही, जेवायलाच बसवलं.

नाही म्हणायचं? म्हणून बघितलं. त्यांची समजूत वेगळीच. म्हणाले, ‘दाक्तरानं वजन कमी पडलं म्हून परत धाडलं न्हवं? आमच्या भैरूलाबी पलटणीच्या भरतीतनं असंच धाडलं व्हतं. महिनाभर केळी न् दूध चारलं, घेतला की न्हाई?’ — आणि त्या दिवसापासून पहाटे शेरभर दूध, वर केळी. म्हातारा मनापासून माझ्या नोकरीसाठी झटतोय. खरं कसं सांगू? तुमच्या घरचं खाऊन फुगलो, आता तुमचं घर सोडायचंय म्हणून उतरवतोय? शिवाय त्यांचं तरी काय चुकलं — जास्त भरला म्हणून परत आलेला माणूस या गावानं पाहिलाय कुठे?

काय? त्यांना सांगितलं कोणी?

सांगितलं कोणी म्हणजे — कळलं असेल. गावात कळतं. नाही, डॉक्टरच्या खोलीत दोघंच होतो. तुम्हाला सांगितलं ते नंतर. घरी मी फक्त बायकोला, शालनला सांगितलं होतं, अधिक लागायच्या आदल्या संध्याकाळी, गोठ्यामागे. स्पष्ट सांगितलं, आठ शेर जास्त आहे, उतरवायचंय. तिनं दोनदा विचारून घेतलं — जास्तच ना? म्हटलं, जास्तच. मग खोल्यांचं सांगितलं. तर म्हणाली, तिथनं आपली विहीर दिसती का? मी म्हटलं, वेडे, नळ आहे.

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दूध आलं.

तूप तीच वाढते. मी ताटावर हात आडवा धरला की बोटांच्या फटीतून वाढते, खाली बघून.

नाही, ती चिठ्ठी ठेवा तुमच्याकडेच. सोमवारी — सोमवारचं सोमवारी. करंड्या आल्या बघा तुमच्या, चढवा काट्यावर, मी बाजूला होतो. टोपी द्या.

जाऊ द्या मला. मी गेल्याशिवाय आबाजी पानाला हात लावत नाहीत.