पाणी न उडवणारी पोर

मग भरवसा धरायचा तरी कोणाचा, मास्तर — उद्या तुम्ही डायव्हिंगच्या निवडीचे पंच, म्हणून विचारतो. चहा घ्या, निवतोय. गेल्या साली तुमच्या खुर्चीत आप्पासाहेब होते. पैलवान माणूस, कुस्तीत त्यांचा शब्द मोडायची कोणाची टाप नाय — पण पाण्याशी संबंध काय? आंघोळीपुरता. आन् बाकीचे दोन पंच त्यांच्याच गुणांच्या पाटीकडं बघून लिहायचे. माझ्या दुकानाच्या ओट्यावर मशीन घालून बसतो ना हबीब टेलर, त्याची बिल्किस — राज्यात पहिली आलेली पोर — फळीवर चढली, उसळली, हवेत दोनदा वळली आन् सुई कापडात शिरावी तशी पाण्यात शिरली. थेंब उडाला नाय. आप्पासाहेब शेजारच्याला म्हणतात, "पडली का काय? आवाज कसा नाय आला?" आन् दिले दहापैकी चार. कशाचे चार? लहानपणी खुलताबादेकडं विहिरीत मुटके मारलेले — ज्याचं पाणी काठावरच्यांना भिजवील तो जिंकला — तेच माप लावलं इथं. मागून आपल्या पुढारी नानासाहेबांची नात आली, पोटावर आपटली, पुढच्या रांगेतल्या टोप्या भिजल्या. आठ. लोकांनी टाळ्या पिटल्या. गेली ती राष्ट्रीयला, तिथं शेवटून पहिली.

किळस येते, मास्तर. पोर मला काय म्हणाली — "चाचा, पुढच्या वेळी मीपण आपटू का?" काय सांगायचं तिला? उद्याची तिची शेवटची निवड, पुढं वय बसत नाय, आन् हबीब म्हणतो, यंदा जमलं नाय तर फळी बंद, निकाह लावतो.

व्हय, मी होतो ना तिथं. गप कशाला बसतोय — त्या दिवशी सकाळीच आप्पासाहेबांच्या घरी दुकानातली हिमरू शाल घेऊन गेलो होतो. लाच नव्हं ती, सत्कार. पंचाचा सत्कार खेळाआधी करायचा, आपल्याकडं रीतच हाय. नानासाहेबांनीबी केला — फेटा, जेवण, वर मोटारीनं घरी पोचवलं — माझी शाल कमी पडली, दुसरं काय. ... असं बघू नका, मास्तर. हं, हा शालीचा पुडा तुमच्यासाठीच काढला होता, खोटं कशाला बोलू. ठेवतो परत फडताळात. तुम्ही उद्या नुसतं पाण्याकडं बघा. निघा आता, हबीब मशीन थांबवून इकडंच बघतोय. आन् गुणांचा हिशोब तेवढा खरा ठेवा.