अगरूचं पिंप

—नाही नाही, तोंड वाकडं करू नका, हे अगरूचंच अत्तर आहे, अस्सल! पहिला दणका असाच बसतो. मनगटावर लावा— चोळू नका हो! हां, आता बसा निवांत. काय म्हणालात? बोकड? घ्या, तुम्हीही बोकडच म्हणालात! अहो, याच दुकानात आरोग्य खात्याचे दोन साहेब बोकड शोधून गेलेत. कपाटं उघडली, एकजण तर माझ्या खाटेखाली आडवा झाला— बाहेर आला तो माझी हरवलेली चप्पल घेऊन.

तक्रार कोणाची? पलीकडच्या टेलरबाईंची. भिंत एकच ना आमची. मी मागच्या खोलीत पिंपात अगरूच्या लाकडाचा चुरा भिजत घातलेला— तेल काढण्याआधी भिजवावाच लागतो— आणि तो आंबला की आम्लं सुटतात. त्या जातीतल्या काही आम्लांना शास्त्रज्ञांनी नावच शेळीवरून ठेवलंय, मी काय करू? पण पलीकडे बाईंनी नवरीचे कपडे शिवून टांगलेले. नवरीची आई आली, कपडा नाकाशी नेला, नि तशीच मागे सरली. लग्न तोंडावर! बाई तरातरा आल्या, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या— टाचण्या तोंडात असूनही इतकं स्पष्ट भांडता येतं, हे मला तेव्हा कळलं. जोडीला हे साहेबलोक.

मग मी काय केलं? समजावलं. साबणाच्या कारखान्यात केमिस्ट होतो मी, उगाच नाही. म्हटलं, बाई, हे झाड धडधाकट असतं ना, तेव्हा त्याचं लाकूड पांढरं नि बिनवासाचं. त्याला जखम होते, आत बुरशी शिरते, मग झाड स्वतःला वाचवायला राळ तयार करतं. काळीभोर, जड. तिच्यात टर्पीनं असतात, त्यांचा वास येतो लाकडासारखा. आणि क्रोमोन असतात— ते थंड असताना अगदी मुखदुर्बळ. तापवले की तुटतात, आणि त्यांचे छोटे तुकडे उडतात, गोड, बदामासारखे. बाईंनी टाचण्या काढल्या नि म्हणाल्या, "मग तापवा की! भिजवत काय बसलात?"

तापवलं. विजेच्या शेगडीवर पत्रा, पत्र्यावर एवढीशी ढलपी. साहेब तर केव्हाच निघून गेले, त्यांना फक्त बोकड हवा होता. बाई मात्र स्टुलावर बसल्या. डोळे मिटले. मला वाटलं, चक्कर आली. तर तशाच हळूच म्हणाल्या, "हे गेले तेव्हापासून घरात नुसता इस्त्रीचा वास येतो हो." मी आणखी एक ढलपी ठेवली. ते कपडे रात्रभर त्याच धुरावर धरले आम्ही दोघांनी— नवरीची आई दुसऱ्या दिवशी विचारत होती, अत्तर कुठलं म्हणून!

पिंप? ते गावाबाहेर हलवलं, मित्राच्या शेडमध्ये. तसं मी कोणासाठी हलवत नाही. आता बाई रोज दुकान मिटताना येतात. कशाला म्हणजे? बटणं लावायला. माझ्या शर्टांची. हल्ली फार तुटतात. धागाच कच्चा येतो. —कात्री? कुठली कात्री? ही होय, ही... पुड्या कापायला. —अहो, हसता काय! त्यांना माहीत असतं तर त्या असं रोज मुकाट्याने लावत बसल्या असत्या का?

...असत्या?

थांबा— पावलं वाजली. ते काउंटरवरचं बटण खिशात टाका. तुमच्या हो, तुमच्या! बाटली राहू द्या, उद्या या. —या बाई, या. छे, कोणी नाही, गिऱ्हाईक आहे. निघालेत ते. निघालात ना?